पहिली फेरी

९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोनवर मी बोलत सुटते, तू 'हं, हं' करत राहतोस, आणि फोन ठेवल्यावर काय ठरलं ते दोघांनाही आठवत नाही, असं मागे तूच म्हणालास. म्हणून हे हाताने लिहिलेलं पत्र. अक्षर लागलं नाही तर आईला दोष दे, तिच्याकडूनच आलंय.

बातमी अशी की मला बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश मिळालाय. दोन वर्षांचा, पूर्ण वेळ कोर्स. परीक्षा दिल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नापास झाले तर मुकाट्याने कामावर जायचं, असं ठरवलं होतं. आता पंचाईत झाली. एप्रिलअखेर हो किंवा नाही कळवायचंय, आणि हो म्हटलं तर टॉवरवरची नोकरी सोडावी लागेल.

लहानपणी बसमधून जाताना तू मला तो उंच, धुराड्यासारखा ठोकळा दाखवायचास आणि म्हणायचास, "ह्याच्या पोटात नुसत्या लिफ्ट आहेत, माणूस एकही राहत नाही." मी इंजिनिअर झाले ती त्या वाक्यामुळे. नव्या लिफ्ट इमारतींत बसवण्याआधी तू ज्या टॉवरवर तपासायचास तिथेच मी इतकी वर्षं लिफ्ट तपासते आहे. आणि तो टॉवर सोडून तू हीच पदवी घेतलीस, पुढे अख्खं हॉस्पिटल चालवलंस. म्हणजे यायचं कसं आणि सोडायचं कसं, दोन्ही मी तुझ्याकडूनच शिकणार असं दिसतंय.

मी रीतसर तक्ता केलाय, सोबत जोडला आहे. पगार, वय, शिकण्यासारखं काय, आईची तब्येत, कंटाळा, सगळ्यांना महत्त्वाप्रमाणे गुण दिलेत. बेरजेत 'जावं' थोडं पुढे आहे. पण आपल्या टॉवरचा नियम तुला ठाऊक आहे: ज्याने जोडलं त्याने तपासायचं नाही. निर्णय मी जोडलाय, म्हणून तपासायला तुझ्याकडे पाठवते आहे. ही पदवी घेऊन इंजिनिअरचा खरंच मार्ग बदलतो, की नुसती खुर्ची बदलते? पटलं तर सही कर, नाहीतर लाल चिठ्ठी लाव.

आई बरी आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात.

तुझी भिंगरी

१८ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

आधी अभिनंदन. चोरून परीक्षा देणारी भाची मला फार आवडली.

तुझं पत्र वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. 'लाल चिठ्ठी' हा शब्द किती वर्षांनी ऐकला! अजून ती सुतळीनेच बांधता का? तळाच्या दारापाशी ग्रीसचा आणि ओल्या सिमेंटचा तो वास अजून येतो का? सगळ्यात वर, मशीनच्या मागे, टॉवरची एकुलती एक खिडकी होती. आम्ही तिथे बसून डबे खायचो. तिथून आपल्या जुन्या घराची गच्ची दिसायची, आणि गच्चीवर कपडे वाळत घालणारी तुझी आई. मी हात हलवायचो. तिला काही दिसायचं नाही. पण सकाळी निघतानाच ती सांगून ठेवायची, "तू हलव, मी अंदाजाने बघते."

आमच्या वेळच्या प्रमुखांना आम्ही मास्तर म्हणायचो. त्यांचा नियम तू अर्धाच लिहिलास. ज्याने जोडलं त्याने तपासायचं नाही, हे खरं. पण पुढे असं होतं की ज्याने सही केली त्याने पहिली फेरी मारायची, एकट्याने. आणि फेरी चालू असेपर्यंत एक जण खालच्या दारात उभा राहायचा. त्याने काही करायचं नसे, नुसतं उभं राहायचं. जागा सोडायची नाही, गप्पा मारायच्या नाहीत, चहासुद्धा घ्यायचा नाही. वरचा खाली आला, दार उघडलं, की मग दोघांनी मिळून चहा घ्यायचा.

मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. मग मी पहिल्यांदा एकटा वर निघालो. मध्येच केबिन गचकन थांबली, दिवा गेला, आणि माझी बोबडी वळली. तेवढ्यात खालून मास्तरांचा आवाज आला, "आहे मी." बस्स, एवढंच. त्या दोन शब्दांनी ब्रेक काही सुटला नाही, पण मी अंधारात चाचपडत खिशातली बॅटरी काढली.

आता तुझा तक्ता. भिंगरे, मी पण इंजिनिअर आहे. बेरीज हवी तशी येईपर्यंत तू गुण खालीवर करत बसली होतीस, हे मला आंधळ्यालाही दिसेल. 'कंटाळा' ह्या ओळीला पगारापेक्षा जास्त गुण? दुसरं म्हणजे, कोर्स संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तू कुठे जाणार आहेस, ते मला कुठेच सापडलं नाही. एवढी घाई कशाला? हवं तर एक वर्ष थांब. टॉवर काही कुठे पळून जात नाही.

माझं विचारशील तर आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं त्या टॉवरवरची. हॉस्पिटलचं नाव माझ्या तोंडून आधी निघणार नाही.

ताईला म्हणावं, अजून हात हलवतो.

तुझा मामा

२४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तपासणी मिळाली. लाल चिठ्ठीच आहे, फक्त तू ती गोड आठवणींच्या सुतळीने बांधलीस.

मला समजलं. टॉवर सोडल्याचं तुला अजून सलतंय, आणि तोंडाने म्हणवत नाही म्हणून मला थांबायला सांगतोयस. तुझ्यासारख्या यशस्वी माणसाला सलत असेल तर माझी काय कथा? नकाराचं पत्र लिहायला घेते. 

टॉवरबद्दल एवढ्यात काही विचारू नकोस, कामाची गडबड आहे. आई तुझ्या हात हलवण्यावर हसली, मग बराच वेळ खिडकीत बसून होती.

भिंगरी

२ मार्च

भिंगरी,

फोन केला तर तू उचलत नाहीस. ताईला केला तर ती म्हणाली, पत्रातलं भांडण पत्रातच मिटवा. म्हणून हे कुरिअरने. नकार पाठवला नसशील तर पाठवू नकोस, आधी हे वाच.

तू माझ्या पत्राचा पार ध चा मा केलास. अर्थात त्यात माझाही हात आहे. म्हाताऱ्याला जुन्या जागेबद्दल विचारलं की तो पाघळतो. मला टॉवरची आठवण येते, तशी त्या वेळच्या माझ्या गुडघ्यांचीही येते, आणि डोक्यावरच्या केसांचीही. जिना मी दोन-दोन पायऱ्या गाळत चढायचो. संध्याकाळी घरी आलो की ताई हात धुवायला गरम पाणी काढून ठेवायची, ग्रीस गार पाण्याने निघत नाही म्हणून. आई-वडील दोघं होते. मी टॉवर म्हणतो तेव्हा त्यात हे सगळं येतं. ते टॉवर सोडल्यामुळे गेलं नाही. तिथेच चिकटून बसलो असतो तरी गेलंच असतं.

आता घरात तुला कुणी नीट न सांगितलेली गोष्ट. मामा हुशार, मामाला पुढे जायचं होतं, असं सगळे सांगतात. प्रत्यक्षात झालं असं की माझ्या हाताखाली शिकलेला एक जण ती पदवी घेऊन परत आला आणि माझा साहेब झाला. मला मिरच्या झोंबल्या. त्या रागात मी अर्ज भरला. कुठून निघायचंय ते पक्कं होतं, कुठे जायचंय त्याचा पत्ता नव्हता. दोन वर्षं जीव तोडून अभ्यास केला, आणि शेवटी कंपन्या कॉलेजात आल्या तेव्हा मला निवडलं कुणी? लिफ्टवाल्यांनीच, दोर खरेदी करण्याच्या विभागात. तेच दोर, फक्त हाताला ग्रीस नव्हतं.

माझ्या वर्गात आणखी एक इंजिनिअर होती, पूल बांधणारी. ती पहिल्या दिवसापासून सांगायची की मला शाळांच्या इमारती बांधणारी संस्था चालवायचीय, सिमेंट मला कळतं पण माणसं आणि पैसा कळत नाही. प्रत्येक तासातून ती आपल्या कामाचं तेवढं उचलून घ्यायची. सुट्टीत आम्ही घरी लोळत होतो तेव्हा ती तसल्याच एका संस्थेत जाऊन राबली. शेवटच्या परीक्षेआधी तिची जागा पक्की झाली होती. पुस्तकं आमची दोघांची एकच होती, भिंगरे.

म्हणून माझी पदवी फुकट गेली असंही नाही. काही वर्षांनी एका हॉस्पिटलला औषधोपचार सोडून बाकी सगळं बघणारा माणूस हवा होता, आणि जाहिरातीत तीच पदवी मागितली होती. ती नसती तर माझा अर्ज कुणी उघडलाही नसता. आत शिरल्यावर खाटा, धुलाई, जनरेटर, औषधांच्या खिडकीपुढची रांग, सगळ्याकडे मी टॉवरवाल्याच्याच नजरेने बघितलं. मी तिथे फार सुखात होतो. त्याबद्दल बोलत नाही, कारण ते सोडून मला थोडेच दिवस झालेत. त्याची अजून आठवण व्हायचीय.

आणि एक. कॉलेजातली ती दोन वर्षं मी अगदी एकटा होतो, वर्गात वयाने सगळ्यात थोरला, चारचौघांत बोलायची बोंब. पण दर आठवड्याला ताईचं पत्र यायचं. त्यात सल्ला नसे. गच्ची गळत होती ती दुरुस्त केली, शेजारच्यांनी मांजर पाळलंय, असलं काहीतरी. शेवटची ओळ मात्र ठरलेली: 'आहे मी.' मास्तरांचा किस्सा मी तिला सांगितला होता. त्या दोन वर्षांत खालच्या दारात तुझी आई उभी होती. मी पत्रं लिहायला लागलो तो तेव्हापासून.

आता तू सांग. तू कुठून निघाली आहेस, आणि कुठे?

मामा

१० मार्च

प्रिय मामा,

नकार लिहून ठेवला होता, पाठवला नव्हता. आता केराच्या टोपलीत आहे.

तू खरं लिहिलंस, म्हणून मीही लिहिते. टॉवर पाडणार आहेत. मे महिन्यात काम सुरू होईल. नव्या लिफ्टची तपासणी आता परदेशातल्या मोठ्या टॉवरवर होणार, उरलेली कॉम्प्युटरवर. आम्हाला ऑफिसात टेबलं देणार आहेत. हे मला डिसेंबरपासून माहीत आहे. तुला ताकास तूर लागू द्यायची नाही, असं आईलाही बजावलं होतं. तुझा जीव त्या टॉवरमध्ये अडकलाय, मला ते सांगवेना. 'टॉवर कुठे पळून जात नाही' हे तुझं वाक्य मी टॉवरच्याच जिन्यात बसून वाचलं आणि रडले. मग तो राग तुझ्यावर काढला.

म्हणजे मीही तुझ्यासारखीच. कुठून निघायचं ते माहीत होतं, तेही मी ठरवलेलं नव्हतं.

पण तुझा तो दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा प्रश्न डोक्यातून जाईना. उत्तर आमच्या जिन्यात सापडलं. आमच्या इमारतीची लिफ्ट थंडी सुरू झाल्यापासून बंद आहे. लिफ्ट तपासणाऱ्या बाईची आई चौथ्या मजल्यावर अडकून पडलीय, हे मी तुला लिहिलं नाही, कारण मला लाज वाटत होती. आई महिनोन्‌महिने खाली उतरलेली नाही. कंपनी म्हणते, बिघडलेला भाग आता आम्ही बनवत नाही, पूर्ण नवी लिफ्ट बसवा. तळमजल्यावाले म्हणतात, आम्हाला लिफ्ट हवीच कशाला? तो भाग मी वर्कशॉपमधून बनवून घेऊन सुट्टीत बसवू शकते. पण परवानगी कुणाची, विमा कुणाचा, उद्या बिघडली तर जबाबदार कोण, भांडणाऱ्या लोकांना एका कागदावर सही करायला लावायचं कसं, ह्यातलं मला ओ की ठो कळत नाही. रहिवाशांच्या बैठकीत मी ब्रेकवर बोलले. सगळे जांभया देत होते. आमच्या मजल्यावरची बाई तर चक्क घोरली.

मग मी आमच्या रस्त्यावर चौकशी करत फिरले. मामा, प्रत्येक जुन्या इमारतीत हेच. वरच्या मजल्यावर कुणीतरी म्हातारं माणूस खिडकीत बसलेलं, आणि खाली बंद लिफ्टपुढे कुणीतरी ठेवलेली सायकल. मला ह्या जुन्या लिफ्ट चालू ठेवणारी कंपनी काढायचीय. दुरुस्ती मला येते. बाकीचं सगळं शिकायचंय.

त्यासाठी दोन वर्षं हवीत का, संध्याकाळचा वर्ग पुरणार नाही का, हाही विचार केला. संध्याकाळच्या वर्गासाठी दिवसा ते ऑफिसातलं टेबल सांभाळावं लागेल, आणि ह्या पूर्ण वेळ कोर्सात दुसरं वर्ष स्वतःचा धंदा उभारण्यासाठी वापरता येतं, असं कॉलेजवाले म्हणतात. तरी भीती वाटते. ह्या वयात विद्यार्थिनी होऊन, पगाराशिवाय, आईला घेऊन राहायचंय. सगळं फसलं तर टॉवरही नसेल परत जायला. हे तक्त्यात कुठल्या ओळीत घालायचं ते कळेना, म्हणून तक्ता फाडला.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी टॉवरची शेवटची फेरी आहे. ती माझ्याकडे दिलीय. खालच्या दारात उभा राहायला येशील?

तुझी भिंगरी

२९ एप्रिल

प्रिय भिंगरी,

घरी सुखरूप पोचलो. तुझा निरोप कॉलेजला गेला असेल किंवा जायचा असेल, ते मी मुद्दाम विचारलं नाही. शुक्रवारी तुझ्यासमोर जे बोलता आलं नाही तेवढं लिहितो.

तू वर निघालीस आणि मी दारात उभा राहिलो. चहावाला दोनदा येऊन गेला, मी मानेनेच नको म्हटलं. तो बिचारा बुचकळ्यात पडला. वास तोच होता. दोर वर जाताना त्यांचा तो घुमणारा आवाज कानावर आला आणि मला एकदम वाटलं, आता मास्तर मागून येऊन खांद्यावर हात ठेवतील. तू वर जास्त वेळ थांबलीस तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. मग लक्षात आलं, तू खिडकीपाशी असशील. खाली उभं राहणं सोपं असतं असं मला वाटायचं, कारण मी नेहमी वरचाच होतो. सोपं नाही गं. ताईने हे दोन वर्षं कसं केलं कोण जाणे.

दार उघडलं, तू बाहेर आलीस, आणि काय केलंस ते तुझ्या लक्षातही नसेल. खिशातून लाल चिठ्ठी काढलीस आणि डाव्या बाजूचा रूळ घासतोय असं लिहून सुतळीने दारावर बांधलीस. आठवड्याभरात जी लिफ्ट भंगारात जाणार तिच्यावर! मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. मी नाक शिंकरलं ते धुळीमुळे नव्हे.

मग तू मला वर नेलंस. गच्ची दिसली नाही, मध्ये उंच इमारती झाल्यात. तरी मी हात हलवला, तू पाहिलंस.

आता तपासणीचा निकाल. माझ्या मते जोडणी चांगली आहे. कुठे जायचं ते तुला दिसतंय, आणि ही पदवी तिथल्या कामाची आहे. पण सही मी करणार नाही. ज्याने सही केली त्याने फेरी मारायची, आणि ही फेरी मला मारता येणार नाही. जोडणारी तू आणि वर जाणारीही तू, म्हणून सहीही तुझीच. मास्तरांचा नियम मोडतोय, ते समजून घेतील. उद्या ही पायरी चुकली असं वाटलं तर माझ्यावर ढकलू नकोस, आणि बरोबर निघाली तर मला श्रेय देऊ नकोस.

खालच्या दाराचं मात्र मी बघतो.

तुझा मामा

३ जुलै

प्रिय मामा,

सही केली. आज पहिला दिवस होता.

वर्गात बहुतेक मुलं माझ्यापेक्षा बरीच लहान. एकाने मला शिकवणाऱ्या बाई समजून उठून जागा दिली. ओळख करून देताना सगळ्यांनी मोठमोठं सांगितलं, मी म्हटलं, मला जुन्या लिफ्ट चालू करायच्यात. मागे कुणीतरी फिसकन हसलं. दुपारच्या तासाला फळ्यावर जे होतं त्यातलं मला काहीच कळलं नाही.  टॉवरच्या अंधाऱ्या केबिनमध्येही मी एवढी घाबरले नव्हते. घरी येताना सगळी वाट मी नकाराचं पत्र मनात पुन्हा लिहीत होते.

संध्याकाळी इमारतीच्या दारातून आत आले, आणि बंद लिफ्टपुढे, त्या सायकलच्या शेजारी, आई उभी होती.

चार मजले उतरून आली होती, कठड्याला धरून, प्रत्येक मजल्यावर बसत. एका हातात काठी, दुसरा हात लिफ्टच्या जाळीवर. तळमजल्यावाल्यांनी दारात खुर्ची आणून ठेवली होती, ती तिने वापरलेली दिसत नव्हती. मी घाबरून विचारलं, काय झालं, खाली कशाला आलीस, आणि कधीपासून उभी आहेस? म्हणाली, तुझ्या मामाचं पत्र आलं होतं. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी लहानपणी शाळेतून आले की बघायची तशी.

मी म्हटलं, "आई, मला आज काहीच कळलं नाही."

ती म्हणाली, "खाली आलीस ना? मग चल. मी दुपारपासून चहा घेतलेला नाही."

वर चढायला आम्हाला फार वेळ लागला. दुसऱ्या मजल्यावर बसलो तेव्हा तळमजल्यावाली बाई मागून आली आणि म्हणाली, त्या लिफ्टच्या कागदाचं काय ते एकदा नीट समजावून सांग. मी उद्या संध्याकाळी जाणार आहे. ब्रेकबद्दल बोलणार नाही.

चहा आईनेच केला. तुझ्या नावाचा एक कप भरून तिने खिडकीत ठेवला आणि बाहेर बघत हात हलवला. अंदाजाने.

तुझी भिंगरी